मिठाच्या पाण्यावरची फुगडी

बाहुलीचं डोकं उडून थेट गणपतीपुढच्या मोदकांत पडलं, तेव्हा सावित्रीनं कपाळावर हात मारला.

"ओ, ही फुगडी काय मारामारी?"

तिच्या नवऱ्यानं, गुरुदासनं, घाईघाईनं तार सोडली. जन्मभर लॉऱ्यांची वायरिंग केलेला माणूस. एका मोडक्या मोटारीच्या पंख्याची मोटर काढून त्यानं तिच्यावर सावंतवाडीच्या दोन लाकडी बाहुल्या हातात हात देऊन बसवल्या होत्या. धामापुरात वीज अजून यायची होती, म्हणून लॉरीची बॅटरी. फुगडीत सावित्रीचा हात धरायला बायका घाबरत, इतकी ती वेगाची. पण गेल्या वर्षी तिचा गुडघा गेला. यंदा तिच्या वाटची फुगडी बाहुल्या घालणार, असं गुरुदास अख्ख्या वाडीला सांगून बसला होता. दिवेलागणीला बायका येणार होत्या.

डोकं डिंकानं चिकटवलं. वेग उतरवायला त्यानं तार चिनी मातीच्या बरणीतून नेली. बरणीत मालवणहून आणलेलं समुद्राचं पाणी, त्यात समोरासमोर दोन पत्रे. पाण्यातून वीज अडखळत गेली की मोटर दमानं फिरायची. पण बाहुल्या उधळलेल्याच.

"पत्रे लांब केले, तरी आयकत नाय!" गुरुदास घामाघूम झाला.

सावित्रीनं तार सोडायला लावली, बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"कढी इतकी खारट झाली तर मी काय करतंय?"

"पाणी घालतंस."

"मग?"

तार पुन्हा जोडायला लावून ती विहिरीचं पाणी करवंटीच्या डवलीनं ओतू लागली. प्रत्येक डवलीला बाहुल्या थोड्या निवायच्या. पाचव्या डवलीला त्या तिच्या गुणगुणण्याच्या तालात आल्या.

संध्याकाळी जमलेल्या बायकांतली लक्ष्मी काकी बाहुल्यांकडे बघत हसून म्हणाली, "सावित्री, ह्यो तुझ्यापेक्षा बऱ्यो गो! हात तरी मुरगाळणत नाय!"

सावित्रीनं गुपचूप चिमूटभर मीठ बरणीत टाकलं. बाहुल्या भिरभिरल्या, बायका किंचाळल्या आणि स्वतःच फेर धरून नाचू लागल्या.

त्या गेल्यावर बॅटरी दमली. बाहुल्या हळूहळू वळत राहिल्या. गुरुदास मीठ घेऊन उठला.

"ऱ्हवांदे ओ. आता त्यो माझ्यासारख्यो चलतत."

त्यानं मीठ ठेवलं, फुगडीला धरतात तसे दोन्ही हात कैची घालून तिच्यापुढे केले.

"येतंस?"

"कोण बघीत ना!"

"बघूंदे."

तिनं पदर खोचला, दुखरा पाय जपून टेकवला. बाहुल्यांकडे बघत, त्यांच्याच वेगानं, दोघांनी एक फेरा पुरा केला.