उत्तराची प्रत

कामगार लवादाचं पाकीट मी पिठाच्या हातांनीच उघडलं. लॉरेनने माझ्यावर दावा लावला होता. माझ्या बेकरीत एकोणीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून पीठ मळणारी लॉरेन. 'वय झालं म्हणून मला काढलं, मला माझी नोकरी परत हवी,' एवढंच तिचं म्हणणं. उत्तर द्यायला अठ्ठावीस दिवस.

तिला काढायचं कारण वय नव्हतंच. वर्षभर लॉरेन विसरायला लागली होती. मीठ दोनदा, यीस्ट एकदाही नाही. रोजच्या गिऱ्हाइकाला नाव विचारायची. फेब्रुवारीत तर भट्टीचा गॅस तसाच सोडून घरी गेली. हे तिला सांगायला हवं होतं. पण आम्ही इंग्लंडातल्या लँकेशरची माणसं. समोरच्याच्या दातात पालक अडकलेला दिसला तरी हवापाण्याचं बोलत बसतो. मी तिला म्हटलं, “धंदा बसलाय गं, एक माणूस कमी करावा लागतोय.” केक कापला, कार्डावर सगळ्यांनी गोड गोड लिहिलं, ती रडली, मी रडले. आणि महिन्याच्या आत तिच्या जागी नवी, तरुण बाई ठेवली. एवढ्याशा गावात हे लपतंय होय? लॉरेनने तिला काचेतून पाहिलं.

माझा वकील फेंटन फोनवर म्हणाला, “धंदा बसला होता हे उत्तरात लिहू नका. पहिल्याच प्रश्नाला उघड्या पडाल.”

“मग काय लिहू?”

“खरं कारण. तारखांसकट. रीतसर ताकीद दिली नव्हती हेही कबूल करा, ते अंगाशी येणारच आहे.”

“समेट नाही का होत?”

“मध्यस्थाने विचारलं. बाईंना पैसे नकोत, नोकरी हवी.”

“आणि उत्तरच दिलं नाही तर?”

“तर तुमचं न ऐकताच निकाल लागेल. तिला परत घ्या म्हणाले, तर त्या भट्टीपाशी उभी करणार आहात का?”

मग विचारलं, “उत्तर तिला दाखवतात?”

“प्रत जातेच. दावा तिचा आहे, बाई.”

माझा नवरा क्लाइव्ह म्हणाला, “आधी घरी जाऊन सांग की तिला.” दोनदा गेले. एकदा ती कुंड्यांना पाणी घालत होती, पाठमोरी. मी फाटकाला हात लावला आणि परत फिरले. इतकी भित्री बाई माझ्या पाहण्यात नाही.

सत्ताविसाव्या दिवशी लिहिलं. अकरा चुका, अकरा तारखा, आणि शेवटी: दावा मान्य नाही. पाठवल्यावर मला स्वतःची किळस आली.

दोनेक आठवड्यांनी, दुकान बंद करायच्या वेळी, लॉरेन ते कागद घेऊन आली. भांडेल म्हणून मी तयारीत होते. भांडली असती तर बरं झालं असतं.

“हे सगळं इथे झालं?” तिने विचारलं.

“हो गं.”

“गॅसचंही?”

“हो.”

ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. “घरी होतंय ते माहीत होतं मला. चाव्या फ्रीजमध्ये सापडतात. माझा केन जाऊन चार वर्षं झाली, तरी चहाला दोन कप काढते. पण मला वाटायचं, बेकरीत तरी मी धड आहे. इथे हात आपोआप चालायचे ना. म्हणून परत यायचं होतं.”

मला तिचा हात धरता आला असता. मी म्हटलं, “चहा टाकू?”

“नको. दावा मागे घेतला मी आज.” ती उठली. “तू तेव्हाच तोंडावर सांगायचंस, हिल. मी भांडले असते, मग दोघी रडलो असतो. हे मी एकटीने वाचलं. तीनदा. दर वेळी पहिल्यांदाच कळलं.”

दुसऱ्या दिवशी फेंटनने फोन करून अभिनंदन केलं. मी त्याचे आभार मानले.