भट्टीवालीच्या दंडावरची पट्टी

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाच्या धावपळीतून भट्टीवालीचं घर अजून सावरलंही नव्हतं, तेवढ्यात न्हाव्याने तिच्या मुलाच्या डोक्यात किडा सोडला.

भट्टीवाली म्हणजे मोठ्या दवाखान्यामागच्या लाँड्रीत चादरी उकळणारी बाई. आईबापांनी ठेवलेलं नाव होतंच की, पण ज्या भट्टीपुढे तिचे केस पिकले तिचंच नाव तिला चिकटलं. तिची सून त्याच लाँड्रीत इस्त्रीवर होती. सुनेला दोन मुलं, एक मुलगा नि एक मुलगी. दुसऱ्या खेपेला ती मरणाच्या दारातून परत आली. रक्त थांबता थांबेना. आता काही वर्षं तरी पाळणा हलता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून सून दर तीन महिन्यांनी दंडात सुई घ्यायची. सासूला ठाऊक होतं, नवऱ्याला नव्हतं. त्याला अजून एक मुलगा हवा होता.

नर्सबाई लाँड्रीतच यायची, जेवणाच्या सुट्टीत. घड्यांच्या खोलीत चादर आडवी बांधून एकेकीला आत घ्यायची. एरवी सुईवर कापसाचा बोळा पुरतो, पण या बायकांचे हात लगेच साबणात आणि वाफेत जायचे, म्हणून ती दंडावर पांढरी चिकटपट्टी लावायची. घरी जाताना पट्टी सोलून काढली तरी वाफेने लाल झालेल्या दंडावर तेवढा चौकोन फिका उठून दिसायचा. ते न्हाव्याने हेरलं. त्याचं दुकान लाँड्रीच्या फाटकासमोरच होतं. दाढीला बसलेल्या प्रत्येकाच्या कानात तो घालू लागला, "बायकोचा दंड बघत जा बाबा. चौकोन दिसला तर समज, तुझ्या घराला बाहेरून कुलूप लागलं."

मुलगा तणतणत घरी आला आणि बायकोला म्हणाला, "उद्या ती नर्स येणार ना? संध्याकाळी मी फाटकाशी उभा राहतो. दंडावर डाग दिसला तर माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"माझ्या घरात म्हणे," भट्टीवाली भाजी चिरता चिरता म्हणाली. "छप्पर गळतं तेव्हा बरं आठवत नाही घर कुणाचं ते."

सुनेने डोळे पुसले आणि मुलांना जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तरी सून घड्यांच्या खोलीबाहेरच उभी. पाय उचलेना.

"कमरेत देते," नर्सबाई हळूच म्हणाली. "कुणाला कळायचं नाही."

सून मान हलवणार, तोच भट्टीवाली मध्ये पडली. "का? चोरी करतेय का ती? आज कंबर लपवील, उद्या काय लपवील? दे तिला दंडातच. आणि मलाही पट्टी लाव."

"मावशी, तुम्हाला? अहो, तुमचं वय..."

"सुई कोण मागतंय? नुसती पट्टी लाव."

नर्सबाई बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. मागून साबण मोजून देणारी विधवा पुढे आली. "मलाही लाव गं. आमचे हे वर गेले, पण वरून डोकावत असतील तर डोकावू देत!" मग काय, झुंबड उडाली. सुई घेणाऱ्या, न घेणाऱ्या, केस पिकलेल्या, सगळ्यांनी बाह्या वर केल्या. नर्सबाईची पट्टीची गुंडाळी संपली तेव्हा उरलेल्यांनी फाटक्या चादरीचे तुकडे कापले आणि कपड्यांच्या खळीनेच दंडावर चिकटवले.

संध्याकाळी भोंगा झाला. फाटक उघडलं आणि बायका बाहेर आल्या, बाह्या खांद्यापर्यंत, प्रत्येकीच्या दंडावर पांढरा चौकोन. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. त्याच्या खुर्चीत अर्ध्या गालाला फेस घेऊन बसला होता भट्टीवालीचाच म्हातारा.

मुलाला आधी दिसली ती आई. "आई, तू?"

"का? मला काय दंड नाही?"

"अगं," म्हातारा खुर्चीतून ओरडला, "या वयात कुणाची भीती तुला?"

"तुमचीच!"

दुकानात हशा पिकला. मुलगा मात्र हसला नाही. बायकोकडे बोट करून म्हणाला, "थट्टा पुरे. हिची खरी की खोटी?"

सून पुढे झाली. "माझी खरी आहे. आधीच्याही खऱ्या होत्या. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हटलं असतंत तरी मी घेणारच होते. दोन लेकरांना आई हवी आहे."

मुलाने तोंड उघडलं, पण भट्टीवालीने त्याला बोलू दिलं नाही.

"रक्त थांबेना त्या दिवशी हिला उचलून टेम्पोत घातलंस, तेव्हाचा तुझा सदरा आठवतो? मी जन्मभर दवाखान्याचे डाग काढत आले, बाळा. भट्टीत घातला की कसलाही डाग हात जोडून निघून जातो. तुझा सदरा मी पुन्हा पुन्हा उकळला. नाही गेला. शेवटी चुलीत घातला, तुला सांगितलं नाही. आता सांग, अजून एक सदरा चुलीत घालू?"

मुलगा आपल्या बाहीकडे बघत राहिला. मग त्याने बायकोच्या हातातला जेवणाचा डबा घेतला. "चल घरी," म्हणाला. दोन पावलं गेला आणि न्हाव्याकडे वळला. "बाबांची दाढी पुरी कर. आणि तोंडाला जरा सुट्टी दे."

कुणीतरी डब्यावर चमचा वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवला. गल्लीच्या टोकापर्यंत बायका वाजतगाजत घरी गेल्या.

पुढच्या खेपेला नर्सबाईने टेबल उघड्यावर, फाटकाशी मांडलं. रांगेत पहिली उभी होती न्हाव्याची बायको. न्हावी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला. हळूहळू कुणी गोळ्या घेऊ लागलं, कुणी तांबी बसवली. धाकटी लेक तर नवऱ्यालाच सोबत घेऊन आली. एका इस्त्रीवालीने सुई थांबवली, कारण तिला मूल हवं होतं. तिच्यासाठीही डबे तितकेच वाजले. भट्टीवालीची सात बाळंतपणं झाली, तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. ती टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारायची, "तुला काय हवंय गं?"

सून पुढे इस्त्रीची मुकादम झाली. तिला तिसरं मूल झालं नाही. नातीची शाळा संपली त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सोमवारी सकाळी भट्टीवाली वारली.