माझ्या मापाची जाहिरात

गुरुवारी दुपारी हॉटेलच्या धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालता घालता मी पेपर उघडला आणि इतक्या मोठ्याने हसले, की इस्त्रीवरची बाई दचकली.

"काय गं ऑर्डेला, लॉटरी लागली का?"

"लॉटरी काय घेऊन बसलीस!" मी म्हटलं. "पिकरिंगबाई सापडली माझ्या तावडीत."

जाहिरात चौथ्या पानावर, मयतांच्या फोटोंखाली दडवलेली होती. 'शिक्षिका पाहिजे. चौथीचा वर्ग. पाच वर्षांचा अनुभव. नेटबॉलच्या पंचाची परीक्षा उत्तीर्ण. प्रार्थनेला ऑर्गन वाजवता येणे आवश्यक. गयानाचं शिक्षक प्रमाणपत्र असल्यास उत्तम.' खाली मिसेस ऑगस्टा पिकरिंगच्या शाळेचं नाव.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आमच्या बेटावर बाहेरच्या माणसाला कामाचा परवाना हवा असेल, तर मालकाला ती जागा आधी दोन आठवडे पेपरात छापावी लागते. बेटाचं रहिवासी कार्ड असलेल्या कोणी अर्ज केला आणि तो जागेला बसत असला, तर बाहेरच्याने गाशा गुंडाळायचा. म्हणून इथे जाहिरात देऊन माणूस शोधत नाहीत. माणूस आधी ठरतो, मग त्याच्या मापाची जाहिरात शिवतात. कॉलर एवढी, बाही एवढी, दुसऱ्या कोणाच्या अंगात शिरता कामा नये. सगळं बेट गुरुवारी पेपर वाचतं आणि 'ही अमक्याची, ती तमकीची' म्हणून हसतं.

ही जाहिरात माझी होती. चौदा वर्षांपूर्वी त्याच पिकरिंगबाईने माझं माप घेऊन शिवलेली, शब्दन् शब्द तीच. तेव्हा मी गयानातल्या न्यू ॲमस्टरडॅमहून सात सर्टिफिकेटं आणि चार वर्षांची निओला घेऊन आले होते. उन्हात शाळेमागून शाळा पालथी घातली. शेवटी ही एक 'हो' म्हणाली. ऑर्गन मला येत होता म्हणून जाहिरातीत ऑर्गन आला. आता तो ऑर्गन नाहीच! चार वर्षांपूर्वीच्या वादळात चॅपलच्या छपराबरोबर तोही समुद्रात गेला. पण बाईने कारकुनाला सांगितलं असणार, "ती जुनी गयानावाली काढ रे, तीच छाप." बाहेरून येणाऱ्या बाया हिला सगळ्या सारख्याच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तीन वर्षं मी तिथे जीव तोडून शिकवलं. एकदा, फक्त एकदा, मीटिंगमध्ये तोंड उघडलं. ताप असताना एका शिक्षिकेला हिने वर्गावर उभं केलं होतं, म्हणून मी म्हटलं, "मिसेस पिकरिंग, आजारी माणसाला घरी जाऊ द्यावं." ती हसली. म्हणाली, "ऑर्डेला, तुझा परवाना माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, विसरलीस?" महिन्याभराने नूतनीकरण आलं तेव्हा तिने मला उभ्या उभ्या सांगितलं, "एका स्थानिक बाईने अर्ज केलाय. माझा नाइलाज आहे." चौदा दिवसांत बेट सोडायचं. भर वर्षात निओलाला वर्गातून उठवलं. तिच्या मैत्रिणी खिडकीतून बघत होत्या. नंतर कळलं, माझ्या जागेवर आलेली 'स्थानिक' बाई बार्बाडोसच्या बोटीतून उतरली होती!

सहा महिन्यांनी मी परत आले. शाळांत कोणी उभं करेना, बाईने सगळीकडे माझं नाव खराब करून ठेवलं होतं. हॉटेलात चादरी धुवायचं काम मिळालं, ते धरलं. निओलाला आईकडेच ठेवावं लागलं, धुणाऱ्या बाईला मूल आणायची परवानगी नसते. आज ती अठरा वर्षांची आहे. माझ्या आईला 'मम्मी' म्हणते आणि मला 'ऑर्डेला'. मी परत आले त्या पहिल्याच वर्षी फोनवर म्हणाली, "ऑर्डेला, मम्मी बाहेर गेलीय, नंतर कर." मी फोन ठेवला आणि वाफेच्या यंत्रामागे जाऊन रडले. त्या दिवशी मी पिकरिंगबाईच्या नावाने बोटं मोडली आणि ठरवलं, दहा वर्षं काढायची. सलग दहा वर्षं राहिलं की कार्ड मिळतं. मार्चमध्ये ते मिळालं. तेव्हापासून दर गुरुवारी मी चौथं पान डोळ्यांत तेल घालून वाचत होते.

पण ही जाहिरात नव्याने कोणासाठी निघाली होती, तेही मला ठाऊक होतं. शोनेटसाठी.

शोनेट क्वामिना माझ्याच गावची. जूनमध्ये पासपोर्टवर पाहुणी म्हणून शिक्का मारून आली. दुकानात मला हटकून म्हणाली, "आंटी, तुम्ही आमच्याकडच्या ना? बोलण्यावरून वाटलं." पोरीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, गळ्यात नेटबॉलच्या पंचाची शिट्टी, चपलेचा अंगठा तुटलेला. मला माझंच भूत दिसलं. तिला घरी नेलं, मागची खोली दिली. काम कसं मागायचं ते शिकवलं. "फोन करू नकोस, चिठ्ठी पाठवू नकोस, स्वतः जा. दारातून आत पाय टाकलास की आधी खोलीतल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हण. झाडूवालीलासुद्धा. नाही म्हणालीस तर तुझी सर्टिफिकेटं सोन्याची असली तरी कोणी बघणार नाही. आणि एक, पिकरिंगबाईच्या शाळेत पाऊल ठेवायचं नाही."

आठ शाळा फिरली. आठही ठिकाणी नन्नाचा पाढा. मग एका संध्याकाळी ती नाचतच आली. "आंटी, रागावू नका हं. मी गेले तिथे. बाई हो म्हणाली!" माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "मला तरी कुठे हौस आहे? पण शिक्का संपत आलाय. माझं तीन वर्षांचं पोर आईकडे आहे. इथे बस्तान बसलं की घेऊन येईन त्याला."

मी तिच्यासाठी चहा टाकला.

गुरुवारचा पेपर घेऊन घरी आले तेव्हा शोनेटने नारळाच्या दुधातला शेंगांचा भात शिजवला होता, माझी आई करते तसाच. "आली का हो जाहिरात?" तिने विचारलं. "आली," मी म्हटलं. "देवा, दोन आठवडे कोणी अर्ज करू नये!" असं म्हणून तिने माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. मी तो खाल्ला. खोटं कशाला सांगू, चवीने खाल्ला.

रात्रभर मन खात होतं असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. पण नाही, मला गाढ झोप लागली. अकरा वर्षांत नव्हती लागली तशी. शुक्रवारी सकाळी मी कामगार कचेरीत गेले, सगळ्यांना गुड मॉर्निंग घातलं आणि कार्ड, सात सर्टिफिकेटं, ऑर्गनची परीक्षा, पंचाची परीक्षा, सगळं टेबलावर मांडलं.

साहेबाने जाहिरात वाचली, माझे कागद बघितले, पुन्हा जाहिरात वाचली. "मॅडम, ही तर तुमच्याच अंगावर बेतलीय."

"हो, साहेब. शिंपी जुना आहे."

"दुसरी एक मुलगी आहे म्हणे त्यांच्या मनात. तिला ऑर्गन येतो का?"

"नाही येत," मी म्हटलं. मला माहीतच होतं.

पुढच्या मंगळवारी मुलाखत. मी निळा ड्रेस काढला, चर्चची हॅट घातली, आणि अकरा वर्षं पाठ केलेलं भाषण पुन्हा एकदा आरशासमोर म्हणून बघितलं. निओला त्यात होती. बार्बाडोसची बोट होती. शेवटी एक वाक्य होतं, 'आता माझा परवाना कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, मिसेस पिकरिंग?' ते ऐकून तिचा चेहरा कसा पडेल हे मी दहा वर्षं चादरी पिळताना रोज बघत आले होते.

पिकरिंगबाईच्या ऑफिसच्या दारात उभी राहून म्हटलं, "गुड मॉर्निंग."

परवान्यावरच्या शिक्षिकांना ही बाई कधी उलटून गुड मॉर्निंग म्हणत नसे. आज म्हणाली. चांगली उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मिसेस फ्रेझर. बसा." पांढऱ्या केसांची, जरा वाकलेली. चष्म्यातून बघितलं. "आपण कुठे भेटलोय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी ऑर्डेला!" मी ओरडले. "ऑर्डेला, चौथीचा वर्ग! तुम्ही मला चौदा दिवसांत हाकललंत! माझ्या पोरीला भरल्या वर्गातून उठवलंत!"

"अगंबाई, ऑर्डेला! ऑर्गनवाली!" तिला खरंच आनंद झाला. "किती छान वाजवायचीस गं! अंगाने भरलीस, ओळखूच आली नाहीस. आणि कार्डही मिळवलंस? वा! म्हणजे माझी परवान्याची कटकटच मिटली की. सुंठीवाचून खोकला गेला." तिने कागद पुढे सरकवला. "सोमवारी साडेसातला ये. चौथीच घे, तुझ्या हातात चांगली होती."

मी कागदाकडे बघत राहिले. जिचा चेहरा पडायचा होता ती सही करायला पेन शोधत होती.

"आणि ती मुलगी?" मी विचारलं.

"कोण? हां, ती." पेन सापडलं. "तिला सांगेन की एका स्थानिक बाईने अर्ज केलाय." मग जराशी हसली. "ह्या वेळी ते खरंही आहे."

मी सही केली. का केली? कारण ती माझी जागा होती. माझी चौथी, माझी जाहिरात, माझं माप. दुसऱ्या कोणासाठी सोडायची म्हणून मी दहा वर्षं साबणाच्या पाण्यात हात नव्हते कुजवले. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन.

संध्याकाळी शोनेट स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडली. "खोटं बोलते ती, आंटी! कसली स्थानिक बाई अन् कसलं काय! तुमच्या वेळी केलं तेच केलं सटवीने. तिचं वाटोळं होईल, बघाच तुम्ही!"

गप्प बसणं सोपं होतं. पिकरिंगबाईला आयतीच आणखी एक वैरीण मिळत होती. मी चहा ढवळत राहिले. नेमणुकीचा कागद माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स तिच्या कोपराशी होती.

शनिवारी तिला धक्क्यावर सोडायला गेले. बोट लागली होती. तिने मला मिठी मारली, गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात कोंबली. "ठेवा, आंटी. तिथे मला काय उपयोग? तुम्हीच एक ह्या बेटावर माझ्याशी माणसासारख्या वागलात."

ती शिट्टी अजून गरम होती, तिच्या अंगाने. माझ्याच्याने राहवेना.

"शोनेट, ती बाई खोटं नाही बोलली," मी म्हटलं. "स्थानिक बाई होती. मी होते."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर मारलं असतं. तिने फक्त माझी मूठ उघडली, एकेक बोट सरळ केलं आणि शिट्टी परत घेतली.

"भात खाल्लात माझ्या हातचा," ती म्हणाली.

"हो."

"जाहिरात बघून आलात, त्याच दिवशी."

"हो."

तिने डोळे पुसले. बॅग खांद्यावर टाकली. मग इतक्या शांतपणे बोलली, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "मग हॉटेलातली तुमची जागा आता रिकामी झाली असेल ना, आंटी?"

धक्क्यावरच्या सगळ्यांना ती 'येते हं, सांभाळून राहा' म्हणाली, दोर सोडणाऱ्यालासुद्धा. मला काही म्हणाली नाही. आमच्याकडे ह्याहून मोठी शिवी नाही.

सोमवारपासून मी चौथीवर आहे. पोरं गोड आहेत. पिकरिंगबाई रोज गुड मॉर्निंग म्हणते, आणि अजूनही मला तिचा गळा दाबावासा वाटतो. ती मात्र मजेत आहे. निओलाला फोन करून सांगितलं, "मी पुन्हा टीचर झाले गं." ती म्हणाली, "छान, ऑर्डेला. मम्मीला देऊ का?"

काल गुरुवार होता. शिक्षकांच्या खोलीत पेपर आला आणि सवयीने मी चौथं पान उघडलं. मयतांच्या फोटोंखाली, कोपऱ्यात, माझ्या जुन्या हॉटेलची जाहिरात होती. 'धुलाईखोलीसाठी बाई पाहिजे. चादरींच्या घड्या घालता येणे आवश्यक. नेटबॉलच्या पंचाची परीक्षा उत्तीर्ण असल्यास उत्तम.'

सगळ्या जणी हसायला लागल्या. "धुलाईखोलीत नेटबॉल? ही कोणाची गं?"

कोणाची ते मी सांगितलं नाही. पेपराची घडी घातली, चार पदरी, चादरीसारखी, आणि वर्गावर गेले. कार्ड मिळायला दहा वर्षं लागतात. मी मोजायला सुरुवात केली आहे.