करवंटीतली थरथर

मी एक जुना पाट आहे. माझ्या कडेवर काळा रंग भरलेली करवंटी ठेवलेली असे. हौसाबाई माझ्यावर बसली की त्या रंगावर बारीक तरंग उठे. मिनिटाला बहात्तर वेळा, एका लयीत.

मित्रांनो, जोहे गावातल्या गणपती कारखान्यात फणसाच्या फळीतून मला घडवले. मूर्तींचे डोळे जी आखते तिनेच माझ्यावर बसायचे, असा आमच्याकडचा रिवाज. वीस वर्षे ती हौसाबाई होती. १९९४ च्या जुलैत मात्र ती सारखी बूड हलवू लागली. उजव्या कुल्ल्यात गाठ आली होती; तरंगही तेव्हापासूनचाच.

"पाटाला खिळा हाय काय गो?" मालक बाबाजींनी विचारले.

"खिळा नाय, मेला पाटच टोचतो."

माझ्यावर गोधडीची घडी आली. गळू समजून ती शेक घेई. लाजेपायी कुणाला दाखवत नव्हती. गळू ठणकते, असे ठोके देत नाही. मला ते कळत होते, सांगता येत नव्हते.

एकदा रोह्याच्या डॉक्टरीणबाई मूर्ती ठरवायला आल्या. त्यांची नजर करवंटीवर थांबली. हातातले घड्याळ बघत त्यांनी हौसाबाईची नाडी धरली. तरंग आणि ठोके जुळत होते. मग त्यांनी तिच्या पायाची निळसर बोटे पाहिली आणि आडोशाला नेऊन गाठ तपासली.

"ह्या गाठीला कुणी चीर देऊ नका. ही फुगलेली रक्तवाहिनी आहे."

मुंबईला रक्तवाहिनीचा फोटो काढून आणल्यावर त्यांनी कारखान्यात येऊन समजावून सांगितले, "पोटातल्या बाळाच्या पायाला मागून रक्त नेणारी वाहिनी जन्माआधी विरते. तुमची राहिली. बसून दबली, फुगली. आतल्या रक्ताच्या गुठळ्या बोटांकडे जातात. ती बंद करून पायाला पुढून नवी वाट जोडायला हवी. उशीर केलात तर पाय जाईल."

"साठ मूर्ती बिनडोळ्यांच्या हायेत. चतुर्थी होऊ दे."

आठ दिवस ती हेच म्हणत राहिली. नवव्या दिवशी पायाची करंगळी काळी पडली.

"मावशे, गणपती थांबंल," तिच्याकडे डोळे आखायला शिकणारी तिची भाची मालू म्हणाली. "पाय नाय थांबायचा."

मित्रांनो, दुखण्याचा दोष पाटाला देऊन दुखणे झाकू नका. पाट मुका असतो.

हौसाबाईने हाती घेतलेला डोळा पुरा केला. भिंतीला धरून ती उठली. करवंटीतला रंग स्थिर झाला. तिने गोधडी काढली आणि कुंचला मालूपुढे धरला.

"बस गो पाटावर. मी उद्या आपरेशनला जाते."