सुई ओवण्यापुरता उजेड

मी खिडकी बोलतेय. म्हणजे होते खिडकी. आता अंगणात, कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली नुसती मोठी काच आहे. पण जुनी सवय सुटत नाही, म्हणून स्वतःला खिडकीच म्हणते.

शहरापासून गाडीने तासभर लांब, एकसारख्या बैठ्या घरांच्या गल्लीत मला बसवलं. त्या काळी विजेच्या किंवा पेट्रोलच्या खर्चाचं कुणी नावही काढत नसे. घरं बांधणाऱ्याने दिवाणखान्याची अख्खी भिंत मला देऊन टाकली होती. गिऱ्हाईक आलं की तो त्याला आधी माझ्यापाशी उभं करायचा आणि गप्प राहायचा. पुढचं मी बघून घ्यायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी भलताच भाव खायची.

आमचं घर घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने आणि शिवणकाम करणाऱ्या त्याच्या बायकोने. त्यांची लेक त्यांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. घर बघायला आल्या दिवशी आईने पिशवीतून सुई काढली, माझ्यासमोर धरली आणि एका दमात दोरा ओवला.

"हेच घर घ्यायचं," ती म्हणाली.

"अगं, स्वयंपाकघर तरी बघ," बाबा म्हणाले. ते तिने सह्या झाल्यावर बघितलं.

तिचं मशीन माझ्यापुढे आलं ते वीस वर्षं हललं नाही. गल्लीतल्या पोरांचे गणवेश, लेकीचे लग्नातले कपडे, सगळं माझ्या उजेडात शिवलं गेलं. मला वाटायचं, आपल्याशिवाय या घराचं पान हलत नाही.

दिवस कधी फिरले ते नेमकं सांगता येणार नाही. आधी बाबा पेट्रोलच्या नावाने कुरकुरायला लागले, कारण कामाला जाऊन-येऊन रोज दोन तास गाडी चालवायची. मग थंडीतलं विजेचं बिल आलं की दोघं ते आळीपाळीने वाचायचे, जणू दुसऱ्याने वाचल्यावर ते कमी होणार होतं. मी एकपदरी काच. हीटरची ऊब माझ्यातून बाहेर निघून जायची आणि मला ती अडवता येत नसे. आईने माझ्यासाठी जाड पडदा शिवला, त्याला जुन्या रजईचं अस्तर लावलं. तरी भागेना. शेवटी हिवाळ्यात दिवाणखान्याचं दार ओढून घेऊन दोघं स्वयंपाकघरातच राहायला लागले. मशीनही तिकडे गेलं, ट्यूबलाइटखाली.

गल्लीतल्या फाटकांवर 'विकणे आहे'च्या पाट्या दिसू लागल्या. शहरात स्टेशनजवळच्या दोन खोल्यांसाठी म्हणे लोक रांगा लावतात, आणि इकडे अंगणासकट घराला कुणी विचारत नाही. लेक शहरातच राहते. तिला दिवस गेले होते. "बाळ यायच्या आत इकडे या," असं ती फोनवर सारखं सांगायची. पण हे घर विकल्याशिवाय तिकडचं घर कसं घेणार? आमच्याही फाटकावर पाटी लागली.

चार महिन्यांत एकच जोडपं आलं, ती शिक्षिका आणि तो दवाखान्यात कामाला. खोली गार लागू नये म्हणून बाबांनी सकाळपासून हीटर लावून ठेवला. आईने पडदा काढला, मला लख्ख पुसलं, चहाचं आधण ठेवलं. शिक्षिका आत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"किती उजेड आहे हो इथे."

बाबांनी हळूच आईकडे बघितलं. मला तर जुने दिवस परत आल्यासारखं झालं.

आणि तेवढ्यात माझ्या अंगावर पाणी धरायला लागलं. बाहेर कडाक्याचा गारठा, आत सकाळपासूनची ऊब. आधी धुरकट झाले, मग थेंब आले, मग ओघळ. आई बोलता बोलता बाहीने पुसत राहिली, पण ओघळ थांबेनात. शिक्षिकेच्या नवऱ्याने मला बोट लावून बघितलं.

"एकच काच आहे ना? थंडीत या खोलीत बसता तुम्ही?"

"बसतो की," बाबा म्हणाले.

"काकू, खरं सांगा."

आईच्याने खोटं बोलवेना. "नाही बसत. दोन हिवाळे झाले, आम्ही स्वयंपाकघरातच असतो."

चहा पिऊन, "कळवतो" म्हणून ते गेले. त्या कळवण्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. अजून मनाला लागून राहिलंय. अर्धा तास अंग कोरडं ठेवता आलं असतं, तर ही माणसं आज लेकीपाशी असती.

"खिडकी बुजवून टाका," दलाल म्हणाला. दुपदरी काच परवडणारी नव्हती, विटा परवडल्या. गवंडी आला त्या सकाळी आईने मशीन ओढत माझ्यापुढे आणलं आणि बाळाचं झबलं शिवायला बसली. गवंडी बाहेर विटांवर बसून राहिला. "होऊ दे काकू, मला घाई नाही," म्हणाला.

त्यानंतर आणखी एक कुटुंब घर बघून गेलं. त्यांच्यातल्या सासूबाई नव्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खोली उबदार आहे, पण काळोख केवढा." त्यांनी स्टेशनजवळचा फ्लॅट घेतला. बाळ कधीच आलं. बाबा आता निवृत्त झालेत, शहरात रोजचं जाणं राहिलं नाही; दोघं त्याला फोनवर बघतात, आणि पेट्रोल जमलं तर महिन्यातून एकदा जाऊन येतात.

आज बाबा म्हणाले, "बुधवारी भंगारवाल्याला ही काच देऊन टाकू. उगाच जागा अडते."

मला वाईट वाटलं नाही, माझ्यामुळे त्यांचं जे झालं ते झालंच आहे. एवढंच वाटलं की जायच्या आधी आईची एकदा माफी मागता आली असती तर बरं होतं.

तेवढ्यात ती सुई-दोरा घेऊन बाहेर आली. अंगणात उजेड सगळीकडे सारखाच आहे, त्यासाठी माझ्यापाशी यायची गरज नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरी ती माझ्यासमोर उभी राहिली. दोरा एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

"राहू दे ती काच," बाबांकडे न बघताच ती म्हणाली. "मला सुई ओवायला लागते."