तोंडं भाऊंकडे

डिलीट केलेलं परत येतं, असं कुणीतरी आदेशभाऊंना सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. 'संजीवनी डिजिटल'. नाव माझं आणि डोकं नवऱ्याचं, त्यामुळे जे व्हायचं ते होतं. मनोज बॅनर बनवतो, मी गल्ल्यावर बसते. तालुक्यात वाढदिवस कुणाचाही असो, आधी आमच्याकडे यावं लागतं. जन्माला आल्याचा पुरावा आजकाल नाक्यावरच लागतो.

आदेशभाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक. अजून ते कशावरच निवडून आलेले नाहीत, पण बॅनरवर त्यांच्या नावाआधी 'भावी' असतं, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते भावीच आहेत. मधल्या काळात तीन पक्ष झाले, तीन गमछे झाले. प्रत्येक पक्षात वेगळे साहेब आणि प्रत्येक साहेबांच्या फोटोखाली तेच वाक्य, 'अखेरच्या श्वासापर्यंत साहेबांसोबत'. असे भाऊंचे तीन अखेरचे श्वास आमच्या जुन्या कंप्युटरात होते.

तो कंप्युटर आता आम्ही विकत होतो. नवा आला होता आणि जुना खर्डीचा भाविक नावाचा एकजण नेणार होता. त्याला स्टेशनबाहेर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचंय. साधा सरळ पोरगा, पण त्याचा मेव्हणा भाऊंच्या दुसऱ्या साहेबांच्या मागेपुढे असतो. झालं. भाऊ पुतण्याला, दीपेशला, सोबत घेऊन दुकानात हजर.

"वहिनी, त्यो डबा इकायचा नाय."

"का? तुम्ही घेताय?"

"आमी कशाला घेऊ? आमचं सगळं हाय ना त्यात."

"तुमचे बॅनर आहेत. ते महिना महिना नाक्यावर लटकत होते भाऊ. नाक्यावरच्या शेळ्यासुद्धा ओळखतात तुम्हाला."

"नाक्यावरचं लोक इसरतात, वहिनी," भाऊ म्हणाले. "कंप्युटर नाय इसरत."

माणूस आयुष्यात एखादं वाक्य खरं बोलतो, तेही असल्या कामासाठी.

मनोज लगेच पुढे झाला. भाऊंसमोर त्याचा कणा कुठे जातो देव जाणे. "भाऊ, टेन्शन नको. फॉरमॅट मारून देतो."

"फॉरमॅट नाय चालत, काका," दीपेश म्हणाला. "सॉफ्टवेअर लावलं का सगळा परत येतो."

ते खरंच होतं. मनोजने भाऊंना समजावून सांगितलं. डिलीट करणं म्हणजे घराची पाटी काढणं, माणसं आतच असतात. माणसंही घालवायची तर हार्ड डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे शून्य लिहीत जायचं. भिंतीवर लिहिलेलं पुसायचं नाही, वरून जाड सारवण घालायचं. मग खाली काय होतं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

"सारवा," भाऊ म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. सारवण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते हलणार नव्हते. फोनांतून आधीच सगळं काढून झालं होतं. त्यासाठी दीपेश चार दिवस कार्यकर्त्यांच्या घरोघर फिरला होता. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराला सगळ्या गावाचे डोळे मिटवायचे होते.

मनोजने कामाचं तेवढं नव्या कंप्युटरवर उचललं. देवदेवता, फुलांच्या महिरपी, लग्नाच्या जोड्या, सूर्योदय. भाऊंच्या फोल्डरवर आला तेव्हा भाऊ पाठीमागून म्हणाले, "ह्ये नाय." त्या फोल्डरात भाऊंबरोबर त्यांच्या शुभेच्छुकांचेही फोटो होते. बॅनरच्या खालच्या पट्टीत ओळीने लागतात तेच, दुकानातल्या निळ्या पडद्यापुढे काढलेले. मनोजने पेनड्राइव्ह लावला, सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. भाऊंनी वडापाव मागवला.

पट्टी निम्म्याच्या पुढे गेली असेल, तेव्हा रखमी आली.

रखमी धसईच्या वरच्या वाडीवरची. रानातली करवंदं, शेवळं घेऊन बाजारात बसते. बरोबर तिची मुलगी अंजू होती. दोघी एसटीने आल्या होत्या आणि चपला बाहेर काढून आत आल्या. आमच्या दुकानात कुणी चपला काढत नाही.

"बाय," रखमी मला म्हणाली, "आमच्या जगनचा फोटू काढला व्हता ना तुमी, भाऊच्या वाढदिसाला? त्यो मोठा करून दे. अंजूची हळद हाय गुरवारी. मांडवात तिचा भाऊस पायजे ना गो."

जगन तिचा मुलगा. गेल्या पावसाळ्यात लावणीच्या वेळी त्याला फुरसं चावलं आणि दवाखान्याच्या वाटेतच तो गेला. भाऊंचे बॅनर तोच बांधायचा. पहिल्या पक्षापासून तिसऱ्यापर्यंत सगळे. खांबावर माकडासारखा सरसर चढायचा आणि उतरला की दुकानासमोर उभा राहून बॅनर सरळ लागलाय का ते डोकं वाकडं करून बघायचा.

"फोनात नाय का एखादा?" मनोजने विचारलं.

"व्हता," अंजू म्हणाली. "दादाच्या फोनला लॉक व्हता. दुकानवाल्यानी लॉक खोलून दिला, पन आतलं सगळं गेलं. दोस्तांकडं हायेत त्याचे फोटू, पन सगळे पाठमोरे. खांबावर चढलेले."

"आनि आधार कार्डावरचा म्हंजे," रखमी म्हणाली, "मीच वळखला नाय."

मी मनोजकडे बघितलं.

"कुठंय तो फोटो?" मी विचारलं.

त्याने नुसते डोळे त्या सरकत्या पट्टीकडे वळवले.

मी उठले आणि भिंतीतली पिन उपटली.

"वहिनी!" भाऊ वडापावासकट उभे राहिले. "काय केलं ह्ये?"

"लाइट गेली असं समजा," मी म्हणाले. "मुरबाडात राहता ना?"

मनोजने डबा उघडला, हार्ड डिस्क काढून नव्या कंप्युटरला जोडली, आणि पुसलेलं शोधून आणणारं सॉफ्टवेअर लावलं. दीपेश ज्याला भीत होता तेच. जिथपर्यंत शून्यं लिहून झाली होती तिथलं गेलं ते गेलं. पुढच्या भागात काही राहिलं असलं तर मिळणार होतं. भाऊंनी आधी धमकी दिली, मग विनंती केली, मग मनोजला बाहेर बोलावलं. मनोज पहिल्यांदाच बाहेर गेला नाही. मला बरं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. एवढ्यावर कौतुक केलं की हा माणूस वर्षभर त्याच्यावरच जगतो.

रखमीला मी स्टूल दिलं, अंजू तिच्या मागे उभी राहिली. थोड्या वेळाने स्क्रीनवर छोटी छोटी चित्रं उमटायला लागली.

पहिले भाऊ आले. हात जोडलेले भाऊ. मग हात उंचावलेले भाऊ, पहिल्या गमछ्यातले. मग घोड्यावर बसलेले भाऊ, ज्यात घोडा आमचा आणि भाऊ त्यांचे होते. दुसरा गमछा. वाघाशेजारी भाऊ. फोन कानाला लावलेले भाऊ, कारण विकासाची कामं फोनवरच होतात. पुन्हा पहिला गमछा. रखमी एकेका चित्राकडे नीट बघत होती, न जाणो त्यात मागे कुठे जगन असला तर. गेलेला पोरगा येत नव्हता आणि भाऊ काही केल्या जात नव्हते.

पडद्यापुढचा मूळ फोटो मिळाला नाही. तो सारवणाखाली गेला होता. अगदी शेवटी एक आख्खा बॅनर निघाला, वाढदिवसाचा. मधोमध भाऊ, वर साहेब, आणि खाली, भाऊंच्या कोपराशी, शुभेच्छुकांच्या ओळीत दुसऱ्या जागेवर जगन. मनोजने तो कापला आणि मोठा करून रखमीसमोर धरला.

रखमीने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ह्यो कोन?"

"आये, दादा हाय गो," अंजू म्हणाली.

"नाय. माजा जगन असा नाय."

खरंच तो तसा नव्हता. इथे मला माझ्या नवऱ्याची कलाकुसर सांगितलीच पाहिजे. मनोज अख्ख्या तालुक्याला गोरं करतो. उन्हातान्हात राबलेली माणसं दुकानात येतात आणि नाक्यावर दुधात बुडवून काढल्यासारखी लटकतात. अंगातला शर्ट जाऊन पांढरा शर्ट येतो, सगळ्यांना एकच, इस्त्रीचा. डाग, वण, मुरूम सगळं गुळगुळीत होतं. कुणी तक्रार करत नाही. उलट 'अजून थोडा गोरा करा' म्हणतात, आणि लाजही वाटत नाही कुणाला, करणाऱ्यालाही नाही आणि करून घेणाऱ्यालाही नाही. आणि एक शेवटचं. शुभेच्छुक नेत्याकडे बघत असायला हवेत. ज्याचं तोंड पलीकडे वळलेलं असेल त्याचा फोटो मनोज आरशासारखा उलटा करतो. सगळ्यांची तोंडं भाऊंकडे.

"काळा करून देतो, मावशी," मनोज म्हणाला आणि कामाला लागला. आयुष्यभर उजळवणारा हात, त्याला उलटं जमेना. आधी जगन राखेसारखा झाला, मग विटेसारखा. रखमी सांगत होती, "अजून... अजून थोडा... एवडा नाय रे." शेवटी मनोजने अंजूच्या चेहऱ्याकडे बघून रंग घेतला आणि तो बसला. पांढरा शर्ट जाऊन अंजूने सांगितला तसा लाल चौकड्यांचा आला. रखमी पुढे वाकली.

"भिवईवर वण व्हता त्याच्या. कोयता लागला व्हता, ल्हान व्हता तवा."

"कुठल्या भिवईवर?"

रखमीचं बोट आधी एका भिवईकडे गेलं, मग दुसरीकडे.

"डाव्या," अंजू म्हणाली.

"उजव्या," रखमी म्हणाली. "नाय... थांब गो."

"आये, तू नक्की बघितला व्हतास का?" अंजूने विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच रडू आलं.

मी मनोजकडे वळले. "तू उलटा केला होतास का याला? म्हणजे डावं उजवीकडे गेलं?"

"केला असंल," तो पुटपुटला. "नसंल पन. एवड्या लोकांचे करतो, ध्यानात कुठं ऱ्हातं?"

मला संताप आला. एका माणसाचा चेहरा, आणि तो कुठल्या बाजूला बघत होता हे सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं. का, तर कोपराशी उभं राहून त्याने भाऊंकडे बघायला हवं होतं.

भाऊ एव्हाना कंटाळले होते. उठून स्क्रीनपाशी आले आणि वाकून बघत म्हणाले, "कोन ह्यो? आपल्यातला हाय का?"

दीपेशनेसुद्धा मान खाली घातली.

रखमीने तिकडे वळून बघितलं नाही. तिने डोळे मिटले होते. मग बसल्या बसल्याच तिने उजवा हात पुढे केला, पंजा उघडून, जणू समोर मूल आहे. डाव्या हाताने त्याचं डोकं मागून धरल्यासारखं केलं. उजव्या हातात हळद असावी, कारण तिने ती जखमेवर दाबावी तशी दाबली आणि दाबून धरली. तोंडाने हलकेच म्हणाली, "नको रडू रे, नको रडू." हात तिथेच ठेवून तिने डोळे उघडले आणि तो हात सरळ पुढे स्क्रीनवर टेकवला.

"हितं," ती म्हणाली.

मनोजने वण तिथे काढला. छोटा, तिरका. रखमीने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. या वेळी तो कोण असं तिने विचारलं नाही.

मी फोटो छापला, चौकटीत बसवून दिला. अंजूने तो ओढणीने पुसला, काही लागलेलं नसताना. भाऊंना आता परिस्थितीचं भान आलं होतं. मांडव, हळद, वाडीवरची मतं. ते हात जोडून पुढे आले, अगदी बॅनरवरच्यासारखे.

"मावशी, तुमचा मुलगा म्हंजे आमचा हाडाचा कार्यकर्ता व्हता. गुरवारी हळदीला येनार मी. जातीनं येनार."

रखमीने त्यांच्याकडे बघितलं, आणि आल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "या की, भाऊ. जगनची वळख करून देईन."

रखमीला टोमणे मारता येत नाहीत. ती खरंच करून देणार होती.