मी उगाच वाजत नाही

मी एका गाडीच्या मागच्या बंपरमधला पार्किंग सेन्सर बोलतोय. आम्ही चौघे भाऊ. उजवीकडून दुसरा तो मी. कोटाच्या बटणाएवढा आकार आणि गाडीसारखाच चंदेरी रंग. पण माझ्या आकारावर जाऊ नका. एवढी मोठी गाडी मागे जाताना तिचा मालकसुद्धा माझ्या शब्दाची वाट बघतो. निदान बघायला हवी.

माझं काम थोडक्यात सांगतो. गाडी मागे घ्यायचा गिअर पडला की मी हाक मारतो. ती तुमच्या कानांना ऐकू येत नाही. मागे भिंत असो, खांब असो, नाहीतर माणूस, त्यावर आपटून ती हाक माझ्याकडे परत येते. ती किती लवकर आली त्यावरून मी अंतर सांगतो. आत टूं टूं करतो तो छोटा भोंगा. आवाज त्याचा असला तरी म्हणणं माझं. वस्तू लांब असेल तर सावकाश, जवळ आली की घाईघाईनं, आणि टेकायची वेळ आली की एकच सलग सूर. एवढीच माझी भाषा आहे, आणि तिच्यात थापा मारायची सोय नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. तपासणारी बाई माझ्यासमोर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे-मागे करून बघत होती. माझ्या शेजारचे कितीतरी जण नापास होऊन टोपलीत गेले. मला मात्र तिनं पुसून, नीट डबीत ठेवलं. त्या दिवसापासून माझी मान ताठ आहे.

मी ज्या घरी आलो तिथे नवरा-बायको दोघंच राहतात. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून गल्लीत सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. बायको शाळेत कवायत शिकवायची, म्हणून ती पीटीच्या बाई. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी आणि आवाज दोन्ही अजून शाबूत आहेत.

त्यांच्या घराचं फाटक अरुंद आणि आतली जागा बेताची. शेवटी एक विटांची भिंत. गाडी उलटी आत घ्यावी लागते. लग्नानंतर पहिली गाडी आली तेव्हापासून हे काम दोघं मिळून करतात. बाई गाडीतून उतरणार, शिट्टी फुंकून गल्लीतल्या स्कूटरी थांबवणार, मग भिंतीला पाठ लावून उभ्या राहणार आणि ओरडणार, "येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... अहो डावीकडे, तुमच्या डावीकडे! येऊ द्या... बस्स!" शेवटच्या क्षणी त्या बाजूला होणार आणि डिकीवर एक थाप मारणार. त्या 'बस्स' म्हणेपर्यंत ब्रेक लावायचा नाही, हा घरचा नियम. चष्मेवाल्यांनी तो कधी मोडला नव्हता.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, फार वेळ उभं राहायचं नाही. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिनं परस्पर गॅरेजवाल्याला फोन करून आम्हा चौघांना बंपरमध्ये बसवून घेतलं आणि आईला ताकीद दिली, "आता तू गाडीतच बसायचंस. मागे उभं राहायचं नाही. कळलं?"

"कळलं गं बाई," बाई म्हणाल्या. त्यांचं 'कळलं' म्हणजे काय, ते मला पहिल्याच संध्याकाळी समजलं.

गाडी फाटकाशी आली. बाई दार उघडून उतरल्या. "बघू तरी तुमचा हा पाहुणा काय दिवे लावतो ते," म्हणाल्या, आणि नेहमीसारख्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाडी मागे सरकली. समोर माणूस दिसल्यावर मी गप्प बसणार? मी सांगायला सुरुवात केली, आधी हळू, मग भराभर.

"अहो, भिंत अजून कुठल्या कुठे आहे! हा आत्तापासून बोंबलतोय!" बाई ओरडल्या. "येऊ द्या तुम्ही."

गाडी आणखी मागे आली आणि बाई बाजूला झाल्या. आता माझ्यासमोर फक्त भिंत, बाईंपेक्षा अंमळ लांब. साहजिकच माझा सूर उतरला.

"बघा! गाडी लांब होती तेव्हा कोकलत होता, जवळ आली तर आवाज बसला. आंधळा आहे हो हा!" आणि डिकीवर थाप.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अहो, मधे कोण उभं होतं? पण मला टूं टूंशिवाय दुसरं बोलता येत नाही.

त्या दिवसापासून माझ्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसला. भरीस भर म्हणून कडेच्या भावावर चिखल बसला आणि तो दोन दिवस काही नसताना वाजत राहिला. त्याला ओल्या फडक्यानं पुसल्यावर तो शहाण्यासारखा वागू लागला, पण बदनामी चौघांची झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी बाई आमच्यावर तोंडसुख घ्यायच्या.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकनं खोकं पुढे-मागे करून बघितलं. मी चोख उत्तरं दिली. तो म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे." घरी आलो, बाई मागे उभ्या राहिल्या, मी वाजलो. पुन्हा गॅरेज, पुन्हा ठणठणीत. "आमच्या दारात आला की बिघडतो," बाई मेकॅनिकला म्हणाल्या. आपण मागे उभ्या असतो हे मात्र त्या सांगत नव्हत्या, कारण ते मुलीच्या कानावर गेलं असतं. मुलीनं फोनवर विचारलं तेव्हाही "छे, मी कशाला उतरतेय?" असं म्हणून मोकळ्या झाल्या.

मला खरं दुःख चष्मेवाल्यांचं होतं. लोकांच्या नजरेतला बारीकसा दोष शोधणारा हा माणूस, याला आरशात बायको दिसत नाही? पण तेही मान डोलवून म्हणायचे, "बिघडलाय खरा." शेवटी बाईंनी निकाल दिला, "उद्या जाऊन त्याची वायर तोडून आणा. कान किटले." चष्मेवाले "बरं" म्हणाले. मला स्वतःची काळजी होतीच. पण मी मुका झालो की भिंत आणि गाडी यांच्यामधल्या या बाईंचं काय, हा विचार मला जास्त पोखरत होता.

त्या संध्याकाळी फरशी ओली होती. बाई नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. "येऊ द्या, येऊ द्या..." गाडी येत होती. मधेच त्यांचा पाय घसरला, ऑपरेशन झालेला गुडघा वळला आणि त्या भिंतीशी मटकन खाली बसल्या. श्वासच अडकला, तोंडातून शब्द फुटेना. आरशातून त्या नाहीशा झाल्या. आता 'बस्स' कोण म्हणणार?

मी म्हणालो. त्यांचा चेहरा बरोबर माझ्यासमोर होता. जीव तोडून मी तो सलग सूर लावला. खोटारडा म्हणवला जाणारा मी, माझं कोण ऐकणार, हे मनात येऊनसुद्धा सूर तोडला नाही.

गाडी जागच्या जागी थांबली. चष्मेवाले दार उघडं टाकून धावत आले.

"लागलं का गं?"

बाईंना थोड्या वेळानं आवाज फुटला. "मी बस्स म्हटलं नव्हतं. मग थांबलात कसे?"

"तो म्हणाला."

"तो तर खोटा वाजतो."

चष्मेवाले त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसले. "तो कधीच खोटा वाजला नाही. तू मागे असतेस म्हणून वाजतो. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. त्याच्या आवाजावरून तू किती जवळ आहेस ते मला कळतं, म्हणून तर मी गाडी मागे घ्यायला धजतो. वायर काही मी तोडून आणणार नव्हतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणाली असतीस, मग आता माझं काय काम. तेवढं ऐकवलं नसतं मला. पण चुकलंच माझं. आज तुला काही झालं असतं तर..."

बाईंनी त्यांचा हात धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नालायका, एवढे दिवस माझ्याच नावानं ओरडत होतास होय!" आणि आपल्या रुमालानं मला पुसलं. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला.

आता बाई फाटकाजवळ, आरशात दिसतील अशा बाजूला खुर्ची टाकून बसतात. गल्ली त्यांची, भिंत माझी. माझा रंग जरा उडालाय, कडेचा भाऊ पावसात अजून बरळतो. पण रोज मला पुसल्याशिवाय त्या घरात जात नाहीत, आणि शेजारीण काही बोलली तर ठणकावून सांगतात, "आमचा उगाच वाजत नाही."

तुमच्याही गाडीत माझ्यासारखा कोणी असेल. तो ओरडला तर शिव्या घालण्याआधी एकदा उतरून मागे बघा, एवढंच मागणं आहे.

हल्ली संध्याकाळी माझा सलग सूर आणि बाईंचं 'बस्स' एकदमच येतं. आधी कोण म्हणालं, ते मला पक्कं ठाऊक आहे. चष्मेवाल्यांना मात्र विचारू नका. त्यांना संसार करायचा आहे.